रोजच्या कामात पोस्टग्रेस खरोखर पुरे पडते का?

आपला प्रश्न असा आहे की, ओरॅकल या सशुल्क डेटाबेसच्या लायसन्सचे नूतनीकरण तोंडावर आले असताना व्यवस्थापन पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसकडे वळण्याचा आग्रह धरत आहे, तर रोजच्या कामात हा डेटाबेस खरोखर पुरे पडतो का, आणि त्याचे कोणते दोष आधी माहीत असायला हवेत. मी गेली नऊ वर्षे पुण्यातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत पोस्टग्रेस सांभाळतो. आमची प्रणाली दूध संस्थांसाठी आहे: सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची नोंद, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) यांनुसार दर, आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले. माझी मते या कामातून बनलेली आहेत. टेलिकॉम किंवा शेअर बाजाराच्या प्रमाणावर काम करणाऱ्याला काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

आधी माझे उत्तर सांगतो. पुरे पडते, पण लायसन्सचे जे पैसे वाचतील त्यातला एक भाग तो डेटाबेस समजून घेणाऱ्या माणसावर खर्च करावा लागेल. हे असे का, याचे मूळ पोस्टग्रेसच्या एका जुन्या निर्णयात आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, तेव्हापासून त्यात ओळ बदलली तरी जुनी ओळ पुसली जात नाही. ती त्याच टेबलात राहते आणि बदललेली ओळ नव्याने लिहिली जाते. ओरॅकल जुनी प्रत ‘अनडू’ नावाच्या वेगळ्या जागेत ठेवते. पोस्टग्रेस तिला जिथल्या तिथे सोडते. त्यामुळे कितीही मोठा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच कायम किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांचा संच) रद्द केला तरी तो क्षणात रद्द होतो, आणि लांबलचक अहवाल चालवताना ओरॅकलवाल्यांना ठाऊक असलेली ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ (लागणारी जुनी प्रत आता शिल्लक नाही) ही त्रुटी तुमच्या वाट्याला येत नाही. मात्र मागे राहिलेल्या या मृत ओळी कोणीतरी झाडून काढाव्या लागतात. ते काम व्हॅक्यूमचे, आणि पोस्टग्रेसविषयीच्या निम्म्या तक्रारी या झाडलोटीपाशी येऊन थांबतात.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो, कारण तो घडेपर्यंत मलाही हे पुस्तकी ज्ञान वाटत असे. उत्पादकांच्या चालू शिलकेचे आमचे टेबल अगदी लहान आहे, काही हजार ओळींचे. पण दुधाची प्रत्येक नोंद त्यातली एक ओळ बदलते. एका सोमवारी सकाळी संकलनाच्या वेळी सगळीकडून तक्रारी आल्या की नोंद घ्यायला फार वेळ लागतो आहे, आणि केंद्रांवर कॅन घेऊन लोक खोळंबले आहेत. पाहिले तर ते चिमुकले टेबल कित्येक जीबी फुगले होते. व्हॅक्यूम आपोआप चालवणारा ऑटोव्हॅक्यूम मधूनमधून नेमाने चालत होता, तरी त्याच्या लॉगमध्ये दरवेळी एकच सूर होता, की ओळी मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत. शोध घेता कळले की शुक्रवारी संध्याकाळी आमच्याच एका सहकाऱ्याने आपल्या संगणकावरून एक ट्रान्झॅक्शन उघडून क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवली होती आणि ते बंद न करताच तो घरी गेला होता. ते ट्रान्झॅक्शन काहीही करत नव्हते, त्याने त्या टेबलाला हातही लावलेला नव्हता. पण ते उघडे असेपर्यंत, त्यानंतर मेलेली कोणतीही ओळ त्याला दिसू शकते असे डेटाबेसला धरून चालावे लागते. ते सत्र बंद केले, टेबलावर ‘व्हॅक्यूम फुल’ चालवले, आणि दोन मिनिटांत सगळे सुरळीत झाले. टेबल लहान होते म्हणूनच हे जमले, कारण ‘व्हॅक्यूम फुल’ चालू असताना टेबल पूर्ण कुलूपबंद असते. मोठ्या टेबलासाठी आम्ही तेच काम टेबल फार वेळ कुलूपबंद न करता करणारे पीजी-रीपॅक वापरतो. असे सत्र ठरावीक वेळेनंतर आपोआप तोडण्याची सोय पोस्टग्रेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून आहे. ती मुळात बंद असते आणि आम्हीही ती सुरू केलेली नव्हती.

याच सदरातली दुसरी गोष्ट मोठ्या टेबलांची. ऑटोव्हॅक्यूमचा मूळ हिशेब असा आहे की टेबलातील सुमारे २० टक्के ओळी मृत झाल्यावर झाडू हातात घ्यायचा. हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे, पण पाच कोटी ओळींच्या टेबलात याचा अर्थ एक कोटी मृत ओळी साठेपर्यंत कोणी फिरकणार नाही. मोठ्या टेबलांसाठी हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आणणे हे माझ्या मते पहिल्याच दिवसाचे काम आहे. त्याहून गंभीर बाब ट्रान्झॅक्शनच्या क्रमांकांची: हे क्रमांक ३२ बिटांचे असतात, वापरून झालेले क्रमांक वेळच्या वेळी गोठवले (‘जुने, सर्वांना दिसणारे’ अशी खूण करून ठेवले) नाहीत तर दोनशे कोटींच्या आसपास ते संपतात, आणि तसे होऊ लागले की पोस्टग्रेस स्वतःच्या संरक्षणासाठी नवे लेखन नाकारते. सर्वांत जुन्या न गोठवलेल्या क्रमांकापासून २० कोटींचे अंतर पडले की ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलेला असला तरीही सक्तीने सुरू होतो, त्यामुळे सहसा वेळ येत नाही. तरीही २०१९ मध्ये मॅनड्रिल या ईमेल सेवेवर नेमकी ही वेळ आली होती. ऑटोव्हॅक्यूममुळे सर्व्हर मंदावतो म्हणून तो बंद करा, असा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नका.

आता ज्या गोष्टींमुळे मी दुसरीकडे जायचा विचारही करत नाही, त्या. पहिली, टेबलांची रचना बदलणाऱ्या आज्ञासुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. कॉलम वाढवणे, टेबल तोडून दोन करणे, जुना डेटा नव्यात हलवणे हे सगळे एकाच व्यवहारात करता येते आणि शेवटच्या पायरीवर चूक निघाली तर सर्व पूर्ववत होते. ओरॅकलमध्ये अशी प्रत्येक आज्ञा आधीचे सगळे परस्पर कायम करून टाकते, हे आपण अनुभवले असेलच. रात्री अकरा वाजता नवी आवृत्ती चढवणाऱ्या माणसाला या सोयीची किंमत कळते.

दुसरी गोष्ट मला अधिक प्रिय आहे, आणि ती म्हणजे डेटाबेसलाच नियम शिकवण्याची ताकद. आमच्याकडे प्रत्येक संस्थेचे दरपत्रक अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत लागू असते, आणि गायीच्या किंवा म्हशीच्या दुधासाठी एकाच दिवशी दोन दरपत्रके लागू झाली तर बिलांचा घोळ ठरलेला. पूर्वी ही तपासणी प्रोग्रामच्या कोडमध्ये होती आणि दोन माणसांनी एकाच वेळी दरपत्रक जतन केले की ती हमखास चकत असे. पोस्टग्रेसमध्ये तारखांचा पट्टा हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि ‘एकाच संस्थेच्या, एकाच प्रकारच्या दुधाच्या दोन पट्ट्यांनी एकमेकांवर चढायचे नाही’ हे बंधन टेबलावरच लिहिता येते. ते लिहिल्यापासून तो घोळ एकदाही झालेला नाही. तसेच अर्धवट इंडेक्सचे (इंडेक्स म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली सूची): आमच्या बिलांपैकी बहुतेक चुकती झालेली असतात आणि शोध मात्र नेहमी थकीत बिलांचा असतो, म्हणून फक्त थकीत ओळींचाच इंडेक्स ठेवला आहे, जो मूळ इंडेक्सच्या मानाने नगण्य जागा घेतो. जेसनबी (जेसन स्वरूपाचा डेटा ठेवण्याचा प्रकार) आणि पोस्टजीआयएस (नकाशाच्या डेटासाठीची जोड) यांचे गोडवे आपण इतरत्र वाचले असतील; ते खरे आहेत, पुनरुक्ती करत नाही.

तिसरी गोष्ट मालकीची, किंवा मालक नसण्याची. हा प्रकल्प कोणत्याही एका कंपनीचा नाही आणि त्याचा परवाना बीएसडीच्या धर्तीचा अत्यंत सैल आहे. मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर २००८ मध्ये सन या कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनबरोबर ओरॅकलकडे गेले, तसे इथे होण्याला जागाच नाही. याची दुसरी बाजू अशी की रात्री दोन वाजता फोन करायला हक्काचा क्रमांकही नाही. आधार देणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्यांच्याशी करार वेगळा करावा लागतो.

पुन्हा दोषांकडे येतो. प्रत्येक कनेक्शनसाठी पोस्टग्रेस स्वतंत्र प्रोसेस उघडते आणि मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे. सहा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि प्रत्येकाचा ५० कनेक्शनचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा), असा साधा हिशेबही त्यात बसत नाही. आणि मर्यादा हजारावर नेणे हा इलाज नव्हे, मध्ये थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा पीजीबाउन्सर बसवावा लागतो. तो बसवल्यावरही सत्राशी बांधलेल्या गोष्टी बिघडतात: प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा वापरायच्या क्वेरी) त्याच्या ट्रान्झॅक्शन पद्धतीत (जिथे ट्रान्झॅक्शन संपले की कनेक्शन दुसऱ्याला मिळते) चालू लागली ती २०२३ मधल्या १.२१ आवृत्तीपासून.

कुलुपांच्या रांगेचा सापळाही सांगायला हवा. कॉलम वाढवणारी आज्ञा क्षणभराची असते, पण तिला टेबलाचे पूर्ण कुलूप लागते; समोर एखादा लांब अहवाल चालू असेल तर ती थांबते, आणि तिच्यामागून आलेली प्रत्येक साधी क्वेरीही तिच्याच पाठीमागे उभी राहते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, डेटाबेस बंद पडला. अशा आज्ञेआधी कुलपासाठी दोन-तीन सेकंदांची मुदत घालून देणे आणि इंडेक्स नेहमी ‘कॉनकरंटली’ (लेखन न अडवता) या पर्यायानेच बांधणे, या दोन सवयी आपल्या मंडळींना आधीच लावा.

क्वेरी प्लॅनर, म्हणजे क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची हे ठरवणारा भाग, उत्तम आहे, पण ओरॅकलप्रमाणे त्याला क्वेरीतून हिंट (अमुक वाटेने जा अशी सूचना) देता येत नाही, निदान मूळ पोस्टग्रेसमध्ये तरी नाही. तो चुकतो तेव्हा बहुधा अंदाजात चुकतो. उदाहरणार्थ, ‘जिल्हा कोल्हापूर आणि तालुका करवीर’ अशी अट दिली तर तो दोन्ही अटी स्वतंत्र समजून त्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करतो; करवीर तालुका कोल्हापूर जिल्ह्यातच आहे हे त्याला कोण सांगणार? अपेक्षित ओळी फार थोड्या ठरतात आणि तो भलतीच वाट निवडतो. १० आवृत्तीपासून या दोन कॉलमांची एकत्रित आकडेवारी ठेवायला सांगता येते, आणि तसे सांगितल्यावर आमचा एक अहवाल चाळीस मिनिटांवरून एका मिनिटाच्या आत आला.

मराठी डेटा असेल तर एक सूचना. डेटाबेस ‘सी’ कोलेशनने (कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) तयार केला तर नावे युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागतात, म्हणजे ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्ष’ची नावे ‘क’च्या पोटात जातात. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन उपलब्ध आहे. ते दिले की ‘ह’नंतर ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असा आपला क्रम मिळतो. आणि सर्व्हरची लिनक्स जुनी असेल तर ती बदलताना जपा: जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला, तेव्हा त्यावर अवलंबून असलेले मजकुराचे इंडेक्स गुपचूप चुकीचे झाले, आणि ते पुन्हा बांधेपर्यंत असलेली नोंद सापडत नाही असे प्रकार होत राहिले. पूर्ण मजकूर शोधात हिंदी आणि नेपाळीसाठी शब्दमूळ काढण्याची सोय आहे, मराठीसाठी नाही. त्यामुळे ‘गावात’ आणि ‘गावाला’ हे त्याला दोन निराळे शब्द वाटतात.

मुख्य सर्व्हर पडल्यावर दुसऱ्याने आपोआप सूत्रे हाती घेण्याची व्यवस्था पोस्टग्रेससोबत येत नाही. प्रतिकृती उत्तम बनते, पण निर्णय घेणारा बाहेरून आणावा लागतो. आम्ही त्यासाठी पॅट्रोनी वापरतो आणि त्यासोबत ईटीसीडी (मुख्य सर्व्हर कोण याची सामायिक नोंद ठेवणारी प्रणाली) शिकणे आलेच. बॅकअपचेही तसेच. कोड ठेवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला, तेव्हा उघड झाले की रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसच्या साधनाने घेतलेला बॅकअप) आवृत्ती न जुळल्यामुळे चालतच नव्हता. सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर भागवावे लागले. आम्ही म्हणून दर महिन्याला बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर उतरवून त्यावर मागच्या दहा दिवसांची बिले काढून पाहतो.

आपल्या स्थलांतराविषयी थोडे. टेबले आणि डेटा हलवणे सोपे आहे, खरी अडचण वागणुकीतल्या फरकांची येते. ओरॅकल रिकाम्या मजकुराला ‘नल’ (मूल्यच नाही) समजते, पोस्टग्रेस समजत नाही, त्यामुळे ‘नल आहे का’ ही जुनी तपासणी निमूट चुकते. ओरॅकलमध्ये ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एक आज्ञा फसली तर तेवढीच रद्द होते आणि पुढचे चालू राहते. इथे सेव्हपॉइंट (मधली परतीची खूण) ठेवलेला नसेल तर संपूर्ण ट्रान्झॅक्शनच बाद होते, म्हणून त्रुटी गिळून पुढे जाणारा कोड शोधून काढावा लागतो. पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेतली पॅकेजेस आणि स्वायत्त (मुख्य ट्रान्झॅक्शनपासून वेगळी कायम होणारी) ट्रान्झॅक्शन जशीच्या तशी मिळत नाहीत. आपल्याकडे असा कोड किती ओळींचा आहे हे आपण प्रश्नात लिहिलेले नाही, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच आहे. ओरा-टू-पीजी हे मोफत साधन तो कोड वाचून बदलाच्या कष्टाचा अंदाज काढून देते. व्यवस्थापनासोबतच्या पुढच्या बैठकीआधी ते एकदा चालवा आणि आलेला आकडा इथे लिहिलात तर अधिक नेमके सांगता येईल.