वैशाखऱ्याला उतरा
(वाचकांचे प्रश्न)

माझ्या नोकरीची चौदा वर्षं मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत गेली, असं जानेवारीच्या अंकात ओघात लिहून गेले होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या तिघांना इथे उत्तर देते.

प्रश्न : बाई, येत्या जुलैत आम्ही दोघं आणि कॉलेजातली दोन मुलं नाणेघाटाला जाणार आहोत. पायथ्याच्या वैशाखरे गावात बघण्यासारखं काही आहे का, की सरळ घाटच चढावा? (एक वाचक, कळवा)

उत्तर : जुलैत जाऊच नका, असं मी म्हणेन. पावसाळ्यातल्या रविवारी त्या वाटेवर माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. दिवाळी झाली की जा. भात कापून खळ्यावर आलेलं असतं, हवा स्वच्छ असते आणि गावातल्या माणसांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. कल्याणहून माळशेजमार्गे जुन्नर, आळेफाट्याकडे जाणारी एसटी पकडा. मुरबाड, सरळगाव, टोकावडे आणि मग वैशाखरे. तालुक्यात रेल्वे अजून नाही, त्यामुळे एसटी हाच आमचा आधार असायचा. घाटाची पायवाट गावाच्या थोडं पुढे हमरस्त्यावरूनच फुटते. पण तुम्ही आधी गावात उतरा, चहा घ्या, एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. का, ते सांगते.

कल्याण बंदरात उतरलेला माल जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा, तो या वाटेने. दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली गोष्ट. माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सगळे सांगतात. बाजूच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ केले, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी दान दिली, याची ती यादी. दानाचे आकडे त्यात चिन्हांनी लिहिले आहेत आणि आपल्या देशातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली या लेण्याची नोंद केली, पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्या अंकांचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशा सातवाहन घराण्यातल्यांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

एका डिसेंबरात चौथीची मुलं घेऊन मी वर गेले. दोन आणि चार हे अंक कसे काढलेत ते बोटाने दाखवत होते. एका मुलीने मध्येच विचारलं, "बाई, पण हे सगळं सामान वर वाहून कुणी नेलं?" लेखात त्याचं उत्तर नाही. मला काही सुचेना. संध्याकाळी तिला घरी सोडायला गेले तेव्हा ओटीवर तिचे आजोबा बसले होते. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "आम्हीच की." तरुणपणी ते सुक्या मासळीची आणि मिठाची पाटी डोईवर घेऊन पहाटेच्या अंधारात घाट चढायचे आणि जुन्नरच्या बाजारातून कांदा-लसूण घेऊन उतरायचे. त्यांची एक बहीण वर घाटघरला दिलेली. घाट त्यांच्या लेखी बहिणीच्या घरची वाट होती. कुठल्या वळणावर ओझं टेकवायला धोंडा आहे, कुठे चैत्रातसुद्धा पाणी मिळतं, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. लेण्याजवळची कातळातली पाण्याची टाकी वाटसरूंसाठीच खोदलेली, आणि तेही तिथेच पाणी पीत.

राजाचं नाव दगडावर राहिलं, ओझं नेणाऱ्याचं राहिलं नाही. माझ्या मनाला हे फार लागलेलं आहे, म्हणून तुम्हाला गावात थांबा म्हणते. असं सांगू शकणारी माणसं आता थोडी राहिली आहेत. मुलांना वही घेऊन जायला सांगा.

प्रश्न : मी ऐरोलीला नववीत शिकते. 'आपल्या जिल्ह्यातलं गाव' या प्रकल्पासाठी मुरबाड निवडलंय. मार्च-एप्रिलमध्ये तिथे शेतात आग लावलेली दिसते. शेतकरी असं प्रदूषण का करतात? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : बाळ, तो राब असतो. तू 'शेतात आग' लिहिलंस, पण आग सगळ्या शेताला नसते. ज्या छोट्या तुकड्यात भाताचं बी पेरायचं असतं तेवढाच तुकडा भाजतात. खाली शेण, वर ऐनाचे टहाळ, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि धग फार भडकू नये म्हणून वरून बारीक माती. सकाळी वारा पडलेला असताना पेटवतात. त्यामुळे तणाचं बी जळतं, किडे मरतात, राखेचं खत होतं. मृगाचा पाऊस झाला की त्यात पेरायचं. तीन-साडेतीन आठवड्यांत हातभर रोप येतं, त्याला आमच्याकडे आवण म्हणतात. ते उपटून, मुठी बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावायचं. इथला पाऊस इतका धो-धो की तण आधी माजलं तर भाताचं कोवळं रोप तग धरत नाही.

रस्त्याच्या कडेला खांबासारखी, फांद्या नसलेली ऐनाची झाडं दिसली तर समज, त्यांचे टहाळ राबाला गेलेत. झाड मरत नाही, पावसात पुन्हा फुटतं. मात्र पूर्वीइतकं रान आता राहिलं नाही आणि टहाळासाठी बायांना लांब जावं लागतं. कृषी खातं राब न भाजता, गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं, काही घरांनी ते केलंही आहे. धुराचा प्रश्न विचारलास ते बरोबर आहे, पण प्रकल्पात शेतकऱ्याला दोषी ठरवण्याआधी एका तरी बाईला विचार, तिचा राब किती पिढ्यांचा आहे. आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी-वरई विसरू नकोस. भात घरात नसे तेव्हा गाव त्यावर जगलं.

प्रश्न : मी कोपरखैरण्याला शिक्षिका आहे. कल्याणजवळच्या वीटभट्टीवर काही मुलं भेटली. मुरबाडकडची आहोत म्हणाली. शाळेचं विचारल्यावर गप्प झाली. गाव सोडून ती तिथे का येतात? (एक वाचक)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझा हजेरीपट आठवला. दिवाळीनंतर कातकरी वाडीतल्या नावांपुढे ओळीने 'गै' लागायचे. पाऊस संपताना घरातलं धान्य संपलेलं असतं, तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस येऊन उचल देतो. ती फेडायला सगळं घर ट्रकात बसतं, परततं ते पावसाच्या तोंडावर. स्वतःची जमीन नाही. पुष्कळदा झोपडीखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर असते. पूर्वी ही माणसं खैराचा कात काढायची, नाव त्यावरूनच पडलं. शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत त्यांची नोंद आहे.

ती मुलं मंद आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. शेवळं ही रानभाजी कुठे उगवते आणि त्यात काकडं ही आंबट रानफळं घातली नाहीत तर घशाला खाज का सुटते, हे मला सहा वर्षांच्या कातकरी मुलाने शिकवलं. तोच मुलगा जूनमध्ये परत आला तेव्हा अक्षरं विसरून आला होता आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या दिवाळीत गेला तो आलाच नाही. त्या वेळी भट्टीवर जाऊन त्याला शोधायला हवं होतं. मी गेले नाही.

तुम्ही मात्र जाऊ शकता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात, भट्टीजवळच्या शाळेत बसवता येतं. जन्माचा किंवा शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावच्या शाळेतून मागवून घ्या म्हणजे जूनमध्ये परतल्यावर वर्ग तुटत नाही. भट्टीजवळच्या मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा, फोनवर हे काम होत नाही. मुलांना गावाचं नाव विचारताना वाडीचं नावही विचारा. हा अंक फेब्रुवारीत तुमच्या हाती पडेल. शाळेचे दोन महिने अजून बाकी असतील.