ट्रायडंट की झेड ६५०? आणि मे महिन्यातला पंखा

प्रश्न : नागपुरात रोज मनीषनगर ते हिंगणा एमआयडीसी जाणे-येणे, अधूनमधून रविवारी रामटेक किंवा पेंच आणि वर्षातून एकदा पत्नीला मागे बसवून पचमढी. उंची ५ फूट ५ इंच, सध्या २२० सीसीची गाडी आहे. ट्रायम्फ ट्रायडंट ६६० आणि कावासाकी झेड ६५०, दोन्ही २०२५ची मॉडेले, यांच्यात निर्णय होत नाही. मित्र म्हणतात, ८१ घोडे (हॉर्सपॉवर) मिळत असताना ६८ कशाला घेतोस? – अ. दे., मनीषनगर

उत्तर : मित्रांनी कागदावरची एकच ओळ वाचलेली दिसते. तिच्या खालची ओळ टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराची. तो दोन्ही गाड्यांचा ६४ न्यूटन मीटरच आहे : ट्रायडंटला ६,२५० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), झेडला ६,७०० ला. वरचे १३ घोडे दिसतात ते ८,००० आरपीएमच्या पुढे. हिंगणा रोडच्या ट्रकांमागे तिथपर्यंत काटा जाणारच नाही.

खरा फरक इंजिनाच्या स्वभावात आहे. झेडचे दोन सिलिंडर १८० अंशांच्या क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आहेत. त्यामुळे दोन स्फोट लागोपाठ होतात आणि मग मोठी खाडी पडते. त्याने खालच्या गिअरात गाडी चटकदार वाटते, पण तिसऱ्या गिअरात ३० च्या वेगाने रेंगाळायचे म्हटले की चेन ठकठक करते आणि क्लच अर्धा दाबावा लागतो. ट्रायडंटच्या तीन सिलिंडरांत स्फोट दर २४० अंशांनी, सारख्या अंतराने होतात. त्याच गिअरात ती निमूट चालते. शिवाय तिचा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) इलेक्ट्रॉनिक आहे. झेडला केबल आहे, आणि तिचा प्ले, म्हणजे मुठीतला मोकळा ढिलेपणा, २ ते ३ मिलिमीटरच्या वर गेला तर हळू वेगात झटके वाढतात. टेस्ट राइडची गाडी झटके देते म्हणून झेडला नापास करण्याआधी हा प्ले बघा.

सीटची उंची झेडची ७९०, ट्रायडंटची ८०५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटरचा हा फरक तुमच्या उंचीला जाणवेल. झेडवर पाय सपाट टेकायला सोपे जाईल, ट्रायडंटवर टाचा किंचित वर राहतील. वजनाचा प्रश्न नाही, दोन्ही १९० किलोच्या आसपास आहेत. मात्र बूट घालून बसून बघा, चपलेवर नको.

मागचा टायर झेडला १६० चा, ट्रायडंटला १८० चा. बदलायची वेळ येईल तेव्हा १८० चा महाग पडेल हे आत्ताच हिशेबात धरा. उलट २०२५च्या ट्रायडंटला क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय), क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारे) आणि वळणावरही काम करणारे एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारे) मिळते. झेडला ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक घसरू न देणारे) आहे, क्विकशिफ्टर नाही. पावसाळ्यात शहराबाहेर ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते. तिथल्या वळणासाठी हे एबीएस कामाचे आहे. क्विकशिफ्टर नसला तरी काही अडत नाही.

टेस्ट राइड दोन्हींची एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर घ्या, आणि सकाळी आठला मुळीच नको. दुपारी दोननंतर बर्डीच्या सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत गाडी उभी ठेवा आणि गरम हवा मांडीला लागते की पोटरीला, तीन-चार मिनिटे बघा. मग सिमेंट रस्त्यावर ६० ने जा. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांचे जॉइंट सस्पेन्शनची परीक्षा फुकटात घेतात. दोन्ही गाड्यांचे पुढचे फोर्क ॲडजस्ट होत नाहीत. जो धक्का मनगटात आज बसेल तो कायम बसेल. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) तेवढा बदलता येतो. पत्नीलाही सोबत न्या. दोन्हींची मागची सीट तोकडीच आहे, पण पचमढीपर्यंत त्यावर त्यांना बसायचे आहे, तेव्हा मत त्यांचेच घ्या. निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांची हवा स्टिकरप्रमाणे आहे का ते बघा. डेमो गाडीत हवा कमी असली की हँडल जड लागते आणि दोष गाडीला जातो.

पैशांचे बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींना ४० टक्के जीएसटी आहे. शोरूम किमतीत तो धरलेला असतो, पण त्या किमतीवर पुन्हा १२ टक्के रोड टॅक्स लागतो. म्हणजे शोरूम किंमत ८ लाख असेल तर ९६ हजार टॅक्सचे, वर विमा. विम्यातला थर्ड पार्टी भाग नव्या दुचाकीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ‘ओन डॅमेज’ (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) भाग मात्र बाहेरून घेता येतो, डीलरचा आकडा शेवटचा समजू नका.

आमचे मत ट्रायडंटकडे झुकते, घोड्यांसाठी नव्हे, तर हळू वेगातल्या गुळगुळीतपणासाठी. एक अट आहे. दोन्ही डीलरांकडून ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट किट, एअर फिल्टर, क्लच लिव्हर आणि रेडिएटर यांचे दर आणि ‘नागपुरात स्टॉकमध्ये आहे की मागवावे लागेल’ हे लेखी घ्या. लिव्हर मोडल्यावर गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल, तर आमचे मत बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या.

प्रश्न : ६५० सीसीची गाडी जुनी घेतली आहे. मे महिन्यात सिग्नलला पंखा सतत चालतो. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू आणि कूलंटऐवजी पाणी भरू. – एक वाचक, सदर

उत्तर : दोन्ही करू नका. ४५ अंशांच्या हवेत उभ्या गाडीचा पंखा चालू राहणे हा बिघाड नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली की हायवेवर, विशेषतः डिसेंबरच्या सकाळी, इंजिन नीट तापतच नाही. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ते थंडच वाटते, तो पेट्रोल जास्त सोडतो आणि मायलेज पडते. बोअरच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. शिवाय नुसते पाणी कूलंटपेक्षा लवकर उकळते आणि गंजापासून वाचवत नाही.

रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल अडकलेला असेल, तो आधी काढा. पाणी मागच्या बाजूने, कमी दाबाने मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने पाती वाकतात आणि मग हवाच जात नाही. कूलंटचा रंग तांबूस झाला असेल किंवा शेवटी केव्हा बदलले ते माहीत नसेल, तर सगळे काढून तयार मिक्स भरा, किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. आधीच्या कूलंटमध्ये दुसऱ्या जातीचे मिसळू नका. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडा, आत दाब असतो. एवढे करूनही चालू गाडीत, ६० च्या वेगाला तापमान चढत असेल, तर मात्र थर्मोस्टॅट अडकला आहे का आणि वॉटर पंप चालतो का ते तपासायला सांगा.

प्रश्न : मोठी बाईक घेतल्यावर समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाता येईल ना? – म. ठा., हुडकेश्वर

उत्तर : नाही. समृद्धीवर दुचाकींना बंदी आहे, मग ती १०० सीसीची असो की १,००० ची. अमरावती रोडने अमरावती, अकोला करत जा. आणि उन्हाळ्यात टायरची हवा पहाटे गार असतानाच तपासा. दुपारी गेज दोन-चार पीएसआय जास्त दाखवतो म्हणून पंपावर हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढीच कमी भरते आणि टायरच्या कडा आधी झिजतात.