वाचकांचे प्रश्न: शांतता समिती बांधायची तर

प्रश्न: देशपातळीवरच्या संघर्षात वाटाघाटी सरकार आणि सशस्त्र गट करतात. मग गावोगावच्या संस्थांना त्यात खरंच काही काम असतं, की नुसते ठराव करायचे? (शिक्षिका, विटा)

उत्तर: काम असतं, आणि ते बहुतेक वस्तीतच असतं. दक्षिण आफ्रिकेत मंडेला फेब्रुवारी 1990 मध्ये तुरुंगातून सुटले, तरी वस्त्यांत त्यांचा पक्ष एएनसी (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस) आणि विरोधी पक्ष इन्काथा यांच्या कार्यकर्त्यांत खूनखराबा चालूच होता. अखेर चर्चची मंडळी आणि उद्योजक मध्ये पडले आणि 14 सप्टेंबर 1991 रोजी राष्ट्रीय शांतता करार झाला. त्यातून विभागवार आणि गाववार समित्या निघाल्या. पक्ष, पोलीस, कामगार संघटना, चर्च, व्यापारी एका टेबलाला बसू लागले. कामं दिसायला किरकोळ होती: मोर्चाचा रस्ता आणि वेळ आधी ठरवणं, दोन विरोधी मोर्चे एका चौकात येऊ न देणं, गर्दीत निरीक्षक उभे करणं. विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळं एका कोपऱ्यावर आली की काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

समित्यांच्या हातात ना अटकेचा अधिकार होता, ना शिक्षेचा. जून 1992 मध्ये बोईपाटोंग वस्तीत चाळीसहून अधिक माणसं मारली गेली, ते त्यांना थोपवता आलं नाही. पण एप्रिल 1993 मध्ये एएनसीचे लोकप्रिय नेते क्रिस हानी यांची हत्या झाली आणि देश पेटायच्या बेतात आला, तेव्हा मोर्चे आणि शोकसभा सांभाळायला हेच निरीक्षक उभे राहिले. नेपाळमध्ये सरकार आणि माओवादी यांच्यातल्या 2006 च्या शांतता करारानंतर अशाच स्थानिक समित्या निघाल्या. तिथे पक्षांनी जागा वाटून घेतल्या आणि पुष्कळ ठिकाणी वेळ पक्षांच्या भांडणातच गेला.

प्रश्न: 2009 च्या गणेशोत्सवातली दंगल आमच्या पिढीने पाहिली. आता आम्ही काही जण जमलो आहोत. समितीत कोण असावं? (मेडिकल दुकानदार, मिरज)

उत्तर: आधी कोण नसावं ते पाहा. ज्यांचा फोटो फ्लेक्सवर असतो त्यांना सल्लागार म्हणून ठेवा, सभासद करू नका. पोलीस ठाण्यातल्या सणाआधीच्या बैठकीला तेच येतात, चहा होतो, ‘आमच्या शहराची परंपरा’ वगैरे बोलणं होतं आणि ज्या गल्लीत दगड पडायचा तिथलं कुणीच खोलीत नसतं.

भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये मोठ्या दंगली झाल्या होत्या. 1988 च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं घेतली आणि बैठका नियमित ठेवल्या. नळ, गटार, नवराबायकोची भांडणं, सगळं तिथे यायचं. त्यातून ओळख झाली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

तेव्हा एका वॉर्डाला पंधरा-वीस माणसं पुरे. रिक्षा स्टॉपवरचा एक, भाजी मंडईतला हमाल, मंडळाचा खजिनदार (अध्यक्षापेक्षा हा जास्त जागेवर असतो), मशिदीच्या विश्वस्तांपैकी एक, बचत गटातल्या बाया, अंगणवाडी सेविका, तुमच्यासारखा उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवणारा. निम्म्या तरी बाया असू द्या. पोरगा रात्री कुठे गेला हे आईला आधी कळतं. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, आणि जागा आलटून पालटून. सहा महिने काही घडलं नाही की माणसं यायची बंद होतात, म्हणून विषय पाणी-कचऱ्याचे ठेवा. पैसे शक्यतो जमवूच नका. हिशेबावरून फुटलेल्या समित्या थोड्या नाहीत.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा आली तर नेमकं काय करायचं? (बचत गट, तासगाव)

उत्तर: पहिली गोष्ट, तो फोटो किंवा व्हिडिओ ‘हे खोटं आहे’ असं लिहूनही पुढे पाठवू नका. लोक फोटो बघतात, वरची ओळ वाचत नाहीत. घटनेच्या जागेजवळच्या दोन माणसांना फोन लावा, शक्यतो दोन्ही समाजांतल्या. किती वाजता, कुणी सांगितलं, हे वहीत टिपून घ्या. मग तीन ओळींत लिहा: ‘दुपारी चारला स्टँडजवळ दोन मोटारसायकली धडकल्या. दोघे जखमी, दवाखान्यात आहेत. रस्ता चालू आहे.’ अफवेतला शब्द यात कुठेच येत नाही, हे बघा. हाच मजकूर मशिदीच्या भोंग्यावरून आणि मंडळाच्या स्पीकरवरून, दोन्हीकडून वाचला गेला तर उत्तम.

खरंच काही घडलं असेल, तर ‘काहीच झालं नाही’ असं चुकूनही म्हणू नका. तासाभरात जखमीचा नातेवाईक गल्लीत येतो आणि पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही.

प्रश्न: आम्हाला पोलिसांचे खबरी म्हणतील, त्याचं काय? (तरुण मंडळ, वाई)

उत्तर: म्हणतीलच. म्हणून पहिल्याच बैठकीत नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या: पोलिसांना जागा, वेळ आणि काय मदत हवी एवढंच कळवायचं, नावं नाहीत. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर मात्र नियम बाजूला ठेवून सरळ 112 लावायचा. पोलिसांशी बोलायला कायम दोघांनी जायचं, दोन वेगळ्या समाजांतल्या, आणि काय बोलणं झालं ते पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं.