'व्हतं' म्हणणारी मैत्रीण

शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मिळतात. त्यामुळे सोसायटीतलं आणि वस्तीतलं मूल एका बाकावर येतं. मग पालक आवाज खाली आणून म्हणतात, "आम्ही भेदभाव मानत नाही हो, पण संगतीचं काय?"

या बाई सिंहगड रस्त्यावरच्या, मुलगी तिसरीत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

"भाषा बिघडतेय तिची. 'व्हतं' म्हणते! आता मैत्रिणीच्या वाढदिवसाला वस्तीत जायचंय. तिथलं पाणी कसलं असेल?"

पाण्याची काळजी मी हसण्यावारी नेली नाही. पण ज्या पुण्यात जोतीरावांनी १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तिथं गोष्ट अजून पाण्यापाशीच अडते, हे मनात आलंच.

पहिल्या तीन भेटी मी समतेवर बोलले, त्यांनी मान डोलावली. फुकट गेल्या त्या. चौथ्या भेटीत विचारलं, "'व्हतं' ऐकल्यावर तुम्हाला नेमकं काय होतं?"

"अंगावर काटा येतो."

"असं आणखी कोण बोलायचं?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"आजी. मीसुद्धा. साताऱ्याकडची मी. होस्टेलवर मुली माझी नक्कल करायच्या. सहा महिन्यांत सगळं घासून काढलं."

घटना छळत नाही, तिला लावलेला अर्थ छळतो, हे माझं जुनं पालुपद. इथं तर एका शब्दाचा अर्थ बाईंनी वीस वर्षांपूर्वीच लावून ठेवला होता. त्यांना धाक मैत्रिणीचा नव्हताच. आपल्या लेकीलाही कोणी हसेल, याचा होता. तो साधा प्रश्न त्या दिवशी सुचला, याचं मला अजून बरं वाटतं.

मुलांना "असं बोलू नये" म्हणण्यापेक्षा "पणजी असंच बोलायची, वहीत मात्र 'होतं' लिही" एवढं पुरतं. दोन्ही बोली मुलं सहज सांभाळतात. "तिचं घर एवढंसं का?" याला खरं उत्तर द्या: पुण्यात भाडं किती आणि धुणीभांडी करून हातात किती येतं. 'बिचारी' हा शब्द तेवढा टाळा. बिचारीला जुने फ्रॉक देता येतात, तिच्याशी कट्टी घेता येत नाही.

वाढदिवसानंतर बाईंचा फोन आला. "तिच्या आईनं आमच्यासाठी मुद्दाम बिसलेरीची बाटली आणून ठेवली होती."

"मग?"

"मी माठातलं मागितलं. तर ती म्हणाली, 'कालच भरलंय, उकळलेलं हाय.'"