जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) द्यायची का, कुठली लेव्हल द्यायची?

हे बघ, एन५ म्हणजे सगळ्यात सोपी लेव्हल, आकडा कमी होत जाईल तशी अवघड; ती दिलीस तर घरच्यांना दाखवायला सर्टिफिकेट मिळेल, बाकी नोकरीच्या वेळी त्याला फारसं कोणी विचारत नाही, पुण्यातले आयटीवाले निदान एन३ तरी मागतात आणि ट्रान्सलेशन करायचं असेल तर एन२ धरूनच चाल. तरी पण अभ्यासाचा कंटाळा येत असेल तर दे बाबा, जुलै नाहीतर डिसेंबरची तारीख डोक्यावर असली की कांजी (जपानी चित्राक्षरं) आपोआप पाठ होतात.

पण या परीक्षेत बोलायचंही नाही आणि स्वतःहून एक वाक्य लिहायचंही नाही, नुसते पर्यायांचे गोल काळे करायचे. म्हणून तर एन२ झालेली मंडळी इंटरव्ह्यूत जिकोशोकाई, म्हणजे स्वतःची ओळख, घडाघडा म्हणतात आणि पुढच्या प्रश्नाला तोंडाला कुलूप! ते क्लासवाले सांगत नाहीत. रोज दहा मिनिटं तरी कोणाशी बोल.

आणि लिसनिंग हलक्यात घेऊ नकोस, एन३ ला १८० पैकी ९५ लागतात, पण लिसनिंगला ६० पैकी १९ पण नाही पडले तर टोटल कितीही असू दे, नापास. ऑडिओ एकदाच वाजतो. घरी मॉक टेस्ट देताना हेडफोन काढ आणि पंखा चालू ठेवून स्पीकरवर ऐक, हॉलमध्ये कानात काही नसतं.