४ ओहमचे, ८४ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (ठरावीक वॅटला किती मोठा आवाज निघतो, तो आकडा) स्पीकर आहेत. ५० वॅटचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर पुरेल की १०० वॅटचाच घ्यावा?

नुसत्या वॅटवर जाऊ नका. ८ ओहमच्या तुलनेत ४ ओहमवर जवळपास दुप्पट वॅट देणारा घ्या, मग तो ५० चा असला तरी चालेल. त्याच व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर दुप्पट करंट ओढतो, तो पुरवायची ताकद पॉवर सप्लायमध्ये हवी. माहितीपत्रकात ८ ओहमवर १०० आणि ४ ओहमवर १८० असेल तर उत्तम. १०० चे जेमतेम १२० होत असतील, किंवा ४ ओहमचा उल्लेखच नसेल, तर मी तो घेणार नाही. (आकडे डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू असतानाचे आहेत ना, तेही बघा.) शिवाय ‘४ ओहम’ हा नाममात्र आकडा, बेसमध्ये इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध, जो ओहममध्ये मोजतात) ३ पर्यंतही उतरतो. तिथे करंट अपुरा पडला की ड्रमचा ठोका बोदा वाटतो आणि आवाज वाढवल्यावर फाटतो. ५० चे १०० वॅट केल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल. मात्र खोली मोठी असेल आणि ऐकायची जागा तीन-चार मीटर लांब, तर ८४ डेसिबलच्या, म्हणजे कमी सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला तेवढेही लागतील. अशा वेळी १०० चाच घ्या.