पहिला स्प्रिंग ब्रेक? ठिकाणाआधी हे बघा

आधी शाळेचं कॅलेंडर उघडा. अमेरिकेत स्प्रिंग ब्रेक, म्हणजे शाळांची वसंतातली सुट्टी, स्कूल डिस्ट्रिक्टप्रमाणे (स्थानिक शाळा-विभागाप्रमाणे) वेगवेगळ्या आठवड्यात असते, बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये. मग हवामान. नवखे इथेच फसतात: फोटो उन्हाळ्यातले बघतात आणि बुकिंग मार्चचं करतात. तेव्हा यलोस्टोन नॅशनल पार्कचे बहुतेक रस्ते गाड्यांना बंद असतात, ग्रँड कॅन्यनची नॉर्थ रिमसुद्धा (दरीची उत्तरेकडची कड). साउथ रिम मात्र वर्षभर खुली असते, आणि डेथ व्हॅलीला तर याच दिवसांत जावं, उन्हाळ्यात त्या तापलेल्या वाळवंटात मुलांना नेऊच नका.

- मुलं लहान असतील तर एकच मुक्काम ठेवा. आठवड्यात तीन शहरं नकोत.
- डिस्ने वर्ल्डच्या ऑरलँडोला प्रचंड गर्दी असते. जायचंच असेल तर हॉटेल आत्ताच बघा.

क्रेडिट कार्डांचे पॉइंट्स, विमान कंपन्यांचे माइल्स वगैरे वापरून प्रवास स्वस्त करणं नंतर शिकता येईल. मुलांची वयं कळवा, ठिकाणं नक्की सुचवते.